सगळ्यांना मनाई

कुलूपराव हे काही त्यांचं पाळण्यातलं नाव नव्हे. ते इमारतीने दिलं, एकमताने दिलं, आणि इमारतीत एकमत झालेली ती पहिली आणि शेवटची गोष्ट. त्यांना हे नाव ठाऊक होतं. मनातून आवडतही होतं, यातच काय ते ओळखा.

पाणीपुरवठ्याच्या कचेरीत चौतीस वर्षं ते नकाशांच्या खोलीत बसले. जाळीची खिडकी, तिच्यामागे खुर्ची, खुर्चीत हे. कुणी नकाशा मागायला आला की ठरलेलं उत्तर: "अर्ज करा. सात दिवसांनी या." नकाशा असायचा त्यांच्याच पाठीमागच्या फळीवर, हात मागे नेला तर बोटाला लागेल इतका जवळ. सात दिवस तो तिथे काय करायचा हे कुणालाच कळलं नाही. एकदा नळ फुटून आख्खी गल्ली गुडघाभर पाण्यात उभी होती. अभियंता भिजलेल्या पायांनी धावत आला, तर यांनी त्याला आधी अर्जावर तारीख घालायला लावली. हा किस्सा ते स्वतःच सांगत, आणि सांगताना मान अशी ताठ करत, जणू पाणी यांनीच अडवलं होतं.

निवृत्त झाल्यावर असा माणूस घरात बसला असता तर बायकोने त्याला गच्चीवरून खाली सोडला असता. पण इमारतीचं नशीब फुटकं. सभेत सचिव कोण होणार असं विचारल्यावर सगळ्यांनी आपापल्या चपलांकडे पाहिलं, आणि कुलूपरावांनी हात वर केला. महिन्याभरात पंपाच्या खोलीला कुलूप, गच्चीला कुलूप, सूचनाफलकाला काच आणि काचेला कुलूप. तळमजल्यावर विजेच्या मीटरांशेजारी एक बोळकंडीएवढी खोली होती, तिचं झालं कार्यालय. दारावर पत्र्याचा डबा अडकवला. कुणाला काही हवं असेल तर चिठ्ठी डब्यात टाकायची. डबा शनिवारी उघडणार. जिन्यातला दिवा गेला, तरी चिठ्ठी. एकदा डब्यातच पाल पडली, तिच्याबद्दलही वरच्या मजल्यावर व्हायोलिन वाजवणाऱ्या आजींना चिठ्ठीच टाकावी लागली, तीही त्याच डब्यात.

आणि त्यांच्या सूचना! 'सर्व रहिवाशांना कळविण्यात येते की जिन्यात पादत्राणे ठेवू नयेत.' ही सूचना चिकटवून साहेब वर गेले आणि आपल्या दारासमोरच्या जिन्यात आपले बूट काढून घरात शिरले. लबाडी म्हणावी, तर तीही नव्हती. लबाडाला निदान आपण काय करतोय ते कळतं. यांना खरोखरच वाटायचं की 'सर्व' म्हणजे बाकीचे. कचेरीत 'सर्व कर्मचाऱ्यांनी साडेनऊला हजर राहावे' हा हुकूम ते स्वतः टाइप करून फिरवत, आणि स्वतः दहाला येत. चौतीस वर्षांत एकदाही खटकलं नाही. इतकी वर्षं न खटकायला विशेष मेंदू लागतो, आणि तो त्यांच्यापाशी होता.

कार्यालयात एक जुना संगणक होता. कुठल्याशा कंपनीने टाकून दिलेला, दातवाल्या डॉक्टरांनी इमारतीला आणून दिलेला. हे डॉक्टर दुसऱ्या मजल्यावरचे, वयाने निवृत्त, पण लोकांच्या तोंडात बोट घालायची सवय गेलेली नाही. या यंत्राने कुलूपरावांना नवा जन्म दिला. नियमावली, पत्रांचे नमुने, जावक नोंदवही, सगळं त्यांनी एका फोल्डरमध्ये कोंबलं. यंत्राचे प्रशासक तेच. त्या खात्याचा परवलीचा शब्द त्यांनाच ठाऊक; बाकीच्यांसाठी एक साधं खातं उघडं.

आता इमारतीच्या संगणकाला डॉक्टरही हात लावायचे. त्यांनीच तर आणलेला. एका रविवारी त्यांनी कुलूपरावांची कचऱ्याविषयीची सूचना उघडली, तिच्यात तीन ठिकाणी स्वल्पविराम घातले, एक वाक्य तोडून दोन केली आणि जतन करून टाकली. कुलूपरावांनी ती न बघताच छापून लावली, आणि सूचना पहिल्यांदाच लोकांना कळली. दोन जणांनी कुलूपरावांचं कौतुकही केलं. झालं! कुलूपरावांचा तिळपापड. आपल्या फोल्डरात दुसऱ्याचा स्वल्पविराम!

त्याच संध्याकाळी ते फोल्डरच्या गुणधर्मांत शिरले. सुरक्षेच्या पानावर यादी दिसली: प्रशासक, वापरकर्ते, सगळे. समोर दोन रकाने, मुभा आणि मनाई. मनाईचा रकाना पाहून त्यांचे डोळे असे पाणावले म्हणता, की मुलाच्या लग्नातही पाणावले नसतील. 'सगळे' या ओळीवर जाऊन त्यांनी 'लिहिणे' याच्यासमोर मनाईची खूण केली. यंत्राने इशारा दिला: मनाई ही मुभेच्या वर चालते, तुमची खात्री आहे का? प्रश्न पुरता वाचण्याची त्यांना गरज वाटली नाही. खात्री नसते ती बाकीच्यांची. त्यांनी 'होय' दाबलं, वर जाऊन दोन घास जास्त जेवले आणि झोपले.

ही पार्श्वभूमी. आता बुधवारची गोष्ट.

तळमजल्यावर मागच्या बाजूला शिंपीणबाई राहते. नवरा नाही, मुलगी शिकतेय, हात मात्र असा की कापडाने ऐकलंच पाहिजे. शहरातल्या मोठ्या इस्पितळाने चादरी आणि शस्त्रक्रियेचे डगले शिवायचं वर्षाचं काम काढलं होतं. बाईची निवड झाली होती. अट एकच: दोन मोठी यंत्रं राहत्या जागेत चालवायला इमारतीची हरकत नाही, असं पत्र बुधवारी दुपारी दोनच्या आत खिडकीवर द्यायचं. नाही दिलं तर काम यादीतल्या पुढच्या माणसाला.

पत्रासाठी बाईने डब्यात चिठ्ठी टाकली त्याला नऊ आठवडे झाले होते. पहिला अर्ज निळ्या शाईत म्हणून परत. दुसऱ्याला डावीकडे समास नाही. तिसऱ्यात 'माननीय' राहिलं. चौथा अर्ज व्हायोलिनवाल्या आजींनी पट्टी घेऊन लिहून दिला, त्यात काही खोट काढता आली नाही, तेव्हा कुलूपरावांनी तो 'विचाराधीन' ठेवला. विचार कसला करायचा होता? काही नाही. देता येत असताना न देणं, ही त्यांची आयुष्यातली एकच चैन.

बुधवारी दहा वाजता बाई कार्यालयाच्या दारात येऊन उभी राहिली.

"काका, आज शेवटचा दिवस. दोन वाजता त्यांची खिडकी बंद होते."

"मला ठाऊक आहे." कुलूपराव खुर्चीत टेकले. "म्हणूनच आजचा दिवस निवडला. घाईने दिलेल्या पत्राला वजन नसतं. बसा."

बसायला खोलीत एकच खुर्ची होती आणि तिच्यात ते होते. बाई मीटरांना पाठ लावून उभी राहिली.

त्यांनी पत्राचा नमुना उघडला आणि एका बोटाने टाइप करायला घेतलं. पाऊण तास लागला. मध्ये 'हरकत' या शब्दावर थांबून त्यांनी सुस्कारा सोडला. तो पुसून 'प्रतिकूल अभिप्राय' केला. मग परत 'हरकत' केला. शेवटी आपल्या नावाच्या जागी पोचले, नाव ठळक केलं, खालची रेघ जाड केली आणि जतन करण्याचं बटण दाबलं.

चौकट उगवली. 'या ठिकाणी जतन करण्याची तुम्हाला परवानगी नाही. परवानगीसाठी प्रशासकाशी संपर्क साधा.'

कुलूपरावांनी चष्मा पुसला. पुन्हा दाबलं. पुन्हा तेच.

"काय म्हणतंय?" बाईने विचारलं.

"काही नाही. तांत्रिक आहे."

त्यांनी पत्राला वेगळं नाव देऊन पाहिलं. नाही. नावात तारीख घातली. नाही. मग फाइलवर 'फक्त वाचण्यासाठी' अशी खूण असेल म्हणून ती शोधली; तिथे खूणच नव्हती, तरी एकदा लावून काढायला गेले, तर तेही करायला परवानगी नाही. मग उभे राहून यंत्राच्या पाठीमागच्या तारा दाबल्या. अडाणी माणूस अडला की तारा दाबतो, शिकलेला अडला की तारा दाबून 'हं' म्हणतो.

"तुम्ही दारात उभ्या आहात म्हणून असेल," ते बाईला म्हणाले. "धूळ येते."

"मी बाहेर उभी राहू?"

"आता आलीय ती धूळ आलीच."

अकरा वाजून गेले तेव्हा वरून त्यांची बायको चहाचा कप घेऊन खाली आली. या बाईंनी टेलिफोनच्या कचेरीत तीस वर्षं लोकांचे फोन जोडून दिले. जोडून देणारी आणि तोडून ठेवणारा, असं ते जोडपं. त्यांनी नवऱ्याच्या खांद्यावरून चौकट वाचली.

"अहो, प्रशासकाशी संपर्क साधा म्हणतंय."

"वाचता येतं मला."

"मग साधा ना. कोण आहे प्रशासक?"

कुलूपरावांनी चौकट बंद केली. बायकोने चहा ठेवला आणि जिन्याच्या तोंडाशी जाऊन सुनेला हाक मारली.

सून एका कारखान्यातले संगणक सांभाळायची. त्या दिवशी पाठ धरली म्हणून घरी होती. ती पाठीला हात लावत एकेक पायरी उतरली. कुलूपरावांनी तिला या यंत्राजवळ कधी फिरकू दिलं नव्हतं. रोज दोनशे यंत्रं सरळ करणारी पोर घरात, आणि हे तारा दाबत बसलेले!

"बाबा, आधी एक करा," ती म्हणाली. "पत्र पडद्यावर आहे ना? जतन नका करू. तसंच छापा. सही करा. बाईंना जाऊ दे."

"जावक नोंदीशिवाय पत्र?" कुलूपरावांचा आवाज चढला. "क्रमांक नोंदवहीत पडल्याशिवाय या कार्यालयातून कागद बाहेर गेलेला नाही."

"मग नोंदवही उघडा, क्रमांक घाला."

"तीही जतन होत नाहीये."

"वहीत हाताने लिहा."

"कच्चं?" ते असे दचकले, जणू तिने त्यांना सदरा काढायला सांगितलं. "कच्चं काम मी केलेलं नाही."

"मग दुसऱ्या जागी जतन करा, डेस्कटॉपवर. तिथे होईल."

"पत्रांची जागा पत्रांच्या फोल्डरात."

सुनेने सासूकडे पाहिलं. सासूने छताकडे. सुनेने मग माउस आपल्याकडे ओढला, फोल्डरचे गुणधर्म उघडले, सुरक्षेचं पान काढलं आणि दोन क्षणांत हसू दाबायला पाठीच्या दुखण्याचा आधार घेतला.

"बाबा, इथे मनाई कुणी लावली?"

"मी. सगळ्यांना. त्या दातवाल्याच्या उचापती बंद करायला."

"सगळ्यांना लावलीत म्हणूनच. तुम्ही पण सगळ्यांत येता."

कुलूपरावांनी 'सगळे' या ओळीवर बोट टेकलं.

"मी?" कुलूपराव म्हणाले. "मी कसा सगळ्यांत येईन?"

तो प्रश्न त्यांनी चिडून नव्हे, खरंच विचारला होता. शिंपीणबाईला पहिल्यांदा त्यांची कीव आली, आणि लगेच घड्याळ दिसल्यावर गेली. बारा वाजत आले होते.

"मी प्रशासक आहे," ते सांगू लागले. "सगळे म्हणजे जे कुणी नाहीत ते. यंत्राला एवढं कळायला हवं."

"यंत्राला तुमच्या मिशा दिसत नाहीत, बाबा. ही ओळ काढते. एका टिचकीचं काम आहे."

"काढायची नाही!" त्यांनी माउसवर पंजा ठेवला. "काढली की तो परत स्वल्पविराम घालेल. मनाई राहू दे. माझं एकट्याचं नाव मुभेत घाल."

"चालणार नाही. मनाई वरचढ असते. यंत्राने तुम्हाला तसं विचारलंही असेल."

"घाल म्हणतो ना."

सुनेने घातलं. त्यांच्या नावापुढे पूर्ण मुभा, सगळ्या चौकटींत खुणा. जतन केलं. 'परवानगी नाही.' त्यांनी आपलं नाव काढून पुन्हा घालायला लावलं. मग म्हणाले, नाव यादीत खाली आहे म्हणून होत नसेल, वर घे. यादी त्यांच्या नावासाठी सरकेना. हुद्दा घालता येतो का, विचारून झालं. येत नव्हता. यात साडेबारा झाले.

"काका," शिंपीणबाई म्हणाली, "इस्पितळ इथून चालत अर्धा तास आहे."

"मग चालायला लागा. पत्र तयार झालं की कळवीन."

हे ऐकून बायकोने कप उचलला, आणि तो त्या कुठे आदळतील याची सुनेला क्षणभर भीती वाटली. सून शांतपणे म्हणाली, "बाबा, हात काढा. ओळ काढू द्या. नंतर डॉक्टरांना एकट्यांना मनाई लावून देते, तुमची शपथ."

पण कुलूपरावांना आता तीन बायकांसमोर यंत्राला धडा शिकवायचा होता. मुभेची पूर्ण रांग भरू, मग बघू कसं ऐकत नाही, असं म्हणत त्यांनी स्वतः माउस घेतला आणि दातओठ खात एकामागून एक चौकटीत खुणा ठोकत गेले. रकाना पाहिला नाही. त्यांच्या बोटाला चौतीस वर्षं एकाच रकान्याची सवय; ते आपसूक मनाईकडे गेलं. लिहिणे, वाचणे, उघडणे, पूर्ण ताबा, सगळ्याला मनाई, सगळ्यांना मनाई, आतल्या प्रत्येक फाइलसकट. इशारा आला. 'होय'.

पत्राची खिडकी त्यांनीच घाईघाईत बंद केली, परत उघडून बघायला. फोल्डर आता उघडेचना. नियमावली गेली, नोंदवही गेली, पाऊण तासाचं पत्र गेलं.

"शाब्बास," बायको म्हणाली.

सुनेने कपाळावर हात मारला. "परत येईल. मालक तुम्ही आहात, त्यामुळे मनाई काढता येईल. पण आत काय काय भरलंय तुम्ही? अकरा वर्षांच्या सूचना, फोटो... बघा, एकेक फाइल घेत चाललंय." पडद्यावर हिरवी पट्टी केसाएवढी सरकली आणि थांबली. "दीड तास तरी जाईल."

घड्याळात पाऊण. शिंपीणबाईने ओढणीचं टोक बोटाला गुंडाळलं आणि सोडलं. तिच्या खोलीत नव्या यंत्रांसाठी तिने भिंतीपासून पलंग सरकवून ठेवला होता. मुलगी दोन दिवस जमिनीवर झोपत होती.

तेव्हा टेलिफोनवाल्या बाई म्हणाल्या, "एकोणिसावा नियम काय आहे हो?"

"कुठला?"

"डोळ्यांचं ऑपरेशन झालं तेव्हा तुम्हीच घातलात. मीच वाचून दाखवला होता तुम्हाला. सचिव उपलब्ध नसेल तर पाच रहिवाशांच्या सह्यांचं संमतिपत्र पत्रासारखंच धरावं."

"पण मी उपलब्ध आहे!" कुलूपराव उठून उभे राहिले.

"कुठे? सकाळपासून तुम्ही फोल्डरच्या दाराबाहेर उभे आहात."

"नऊ आठवडे," शिंपीणबाई हळूच म्हणाली, "मला कुणी हा नियम सांगितला नाही."

"कसा सांगतील? तो आत होता," सून म्हणाली आणि प्रिंटरमधून कोरा कागद ओढला.

बायकोने एकोणिसाव्या नियमाचा हवाला देऊन मजकूर लिहिला. टेलिफोनच्या नोकरीतलं अक्षर, चार ओळी, काम तमाम. पहिली सही त्यांची, दुसरी सुनेची. शिंपीणबाई कागद घेऊन जिन्याने पळाली. दातवाल्या डॉक्टरांनी दारातच वाचून विचारलं, "स्वल्पविराम घालू का कुठे?" आणि सही केली. व्हायोलिनवाल्या आजींनी हात पुसून सही केली. पण भर दुपार. बाकीची दारं बंद, माणसं कामावर. बाई खाली आली तेव्हा एक वाजून गेला होता आणि पाचवी ओळ रिकामी होती.

तिने कागद कुलूपरावांच्या पुढे धरला.

"मी सचिव म्हणून सही करीन," ते म्हणाले. "शिक्का कुठाय?"

"शिक्का मारलात तर सचिव उपलब्ध होता असं होईल," सून म्हणाली. "मग ते पत्र मागतील. नुसती करा."

"नुसती?"

"तुम्ही राहता ना इथे?" बायकोने विचारलं. "की तेवढंही नाही?"

आजींच्या थरथरत्या सहीखाली, डॉक्टरांच्याही खाली, पाचवा. कुलूपरावांनी कागद दोनदा वाचला. 'चालविण्यास' मधला इकार तपासला. पेन झटकलं. निळी शाई आहे म्हणाले. बाईने खिशातून काळं पेन काढून दिलं, चार अर्जांनी तिला तेवढं शहाणं केलं होतं. शेवटी त्यांनी सही केली, आणि सहीपुढे हुद्दा लिहायला 'स' काढला, तेवढ्यात बायकोने कागद ओढून घेतला. तो अर्धा 'स' तसाच राहिला, गांडुळासारखा.

बाई निघाली. आणि कुलूपराव तिच्यामागून निघाले! कशाला? तर म्हणे संबंधित अधिकाऱ्याला स्थिती समजावून सांगायला हवी. कडक कॉलरचा सदरा, काखेत फाइलचा रिकामा पुठ्ठा. बाई जवळजवळ धावत होती, हे मागे धापा टाकत सांगत होते की रस्ता ओलांडताना घाई करू नये. तिने वळून पाहिलं नाही. तिच्या जागी दुसरं कुणी असतं आणि हाताशी वेळ असता, तर त्याने यांना दमवायला मुद्दाम लांबचा रस्ता धरला असता.

दोनला सात मिनिटं असताना ते इस्पितळाच्या खिडकीपाशी पोचले. काचेमागे एक तरुण कारकून बाई डबा संपवून बोटं पुसत बसली होती. शिंपीणबाईने कागद सरकवला.

"यात खुलासा असा की," कुलूपरावांनी मान काचेच्या भोकात घातली, "पाचवी सही ही वस्तुतः सचिवांची, म्हणजे माझी, जी केवळ तांत्रिक कारणास्तव..."

कारकून बाईने वर पाहिलं नाही. पेन्सिलीचं टोक सह्यांवरून खाली नेलं, एक, दोन, तीन, चार, पाच. नावं वाचली नाहीत. ठप्पा मारला, पावती फाडली.

"सोमवारी कापड न्यायला या, ताई," ती शिंपीणबाईला म्हणाली.

शिंपीणबाईने पावती दोन्ही हातांनी घेतली. तिने नुसती मान हलवली आणि भिंतीला टेकून उभी राहिली.

कुलूपरावांची मान अजून भोकात होती. "माझं म्हणणं नोंदवून घ्यावं," ते म्हणाले. "कुणाकडे बोलावं लागेल?"

"तुमचं काय काम आहे, आजोबा?"

त्यांनी विचार केला. काम त्यांचं काहीच नव्हतं.

"मग बाजूला व्हा," ती म्हणाली. "पुढचे."